आकाशातली उफणणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वारा म्हटला की आपल्याला हवा आठवते. हवा हलली म्हणजे वारा, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. मग जिथे हवाच नाही, त्या ताऱ्यांच्या प्रदेशात वारा वाहतो असं कुणी सांगितलं तर? आणि तोही सेकंदाला सहाशे किलोमीटर वेगाचा. म्हणजे बुलढाण्याहून निघाला, तर एका सेकंदाच्या आत मुंबई ओलांडून समुद्रावर जाईल असा! असा वारा आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला दीर्घिकांचा वारा म्हणतात. त्याच्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी शास्त्रज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण चंद्र-ताऱ्यांवर कवींनी आजवर इतका हक्क सांगितला आहे, की तिथे खरोखर काय चाललं आहे हे समजून घेण्याची थोडी जबाबदारीही त्यांच्यावर येते.

आधी दीर्घिका म्हणजे काय ते पाहू. अब्जावधी तारे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले असतात, त्या समूहाला दीर्घिका म्हणतात. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, तिला आपण आकाशगंगा म्हणतो. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी दिसते, पण ती अगदी रिकामी नसते. तिथे वायू असतो, बहुतांश हायड्रोजन, आणि धुराच्या कणांसारखी बारीक धूळ असते. हा वायू विरळ किती? एका बोराएवढ्या जागेत आपल्या हवेचे अब्जावधी अब्ज रेणू मावतात. ताऱ्यांच्या मधल्या तेवढ्याच जागेत सरासरी एखाद-दुसरा अणू सापडतो. पण जागाच इतकी अफाट आहे, की थेंबे थेंबे तळे साचावं तसा हा वायू साचत जातो, त्याचे थंड ढग बनतात आणि ते स्वतःच्याच भाराने आकसून त्यांतून तारे जन्मतात. सूतगिरणीला जसा कापूस, तसा दीर्घिकेला हा वायू. तो आहे तोवर नवे तारे बनत राहतात, तो संपला की गिरणी बंद.

आपली आकाशगंगा या कामात संथ आहे. वर्षाकाठी साधारण एक-दोन सूर्यांच्या वजनाइतके नवे तारे ती घडवते. पण काही दीर्घिकांना मधूनच या कामाचं उधाण येतं. अशा उधाणलेल्या दीर्घिकांपैकी सर्वांत प्रसिद्ध आणि आपल्या जवळची म्हणजे एम ८२. जवळची म्हणायची ती आकाशाच्या मापाने, कारण तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षं लागतात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान बोडे याने १७७४ च्या डिसेंबरअखेर तिची नोंद केली. ती आपल्या ओळखीच्या सप्तर्षींच्या तारकासमूहात आहे. चैत्रात रात्री नऊच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून उत्तरेला पाहिलं, तर क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्याच्या थोडं खाली तिची जागा येते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. अंधाऱ्या गावाबाहेरून लहान दुर्बिणीतून एक फिकट, लांबुळकी रेघ तेवढी दिसते. तिच्या आकारावरून पाश्चात्त्यांनी तिला सिगार म्हटलं. आपण विडी म्हणायला हरकत नाही. नाव ठेवणाऱ्यांना तेव्हा माहीत नव्हतं, की ही विडी खरोखरच धूर सोडते आहे.

तो धूर नीट दिसला १९६३ साली. लिंड्स आणि सँडेज या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी, कॅलिफोर्नियातल्या पालोमार इथल्या २०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे, एक शोधनिबंध लिहिला. हायड्रोजनच्या विशिष्ट लाल प्रकाशात टिपलेल्या या चित्रांत दीर्घिकेच्या मध्यातून वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, वायूचे तंतू हजारो प्रकाशवर्षं लांब पसरलेले होते. त्यांनी अंदाज केला, की सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी तिच्या गाभ्यात एक प्रचंड स्फोट झाला असावा. पुढच्या दोन दशकांत, विशेषतः इन्फ्रारेड आणि क्ष-किरणांच्या निरीक्षणांतून, हे चित्र बदललं. एकच महास्फोट झालेला नव्हता. गाभ्यात नव्या ताऱ्यांची दाटी होती, त्यांचे स्फोट एकामागून एक होत होते, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक सलग वारा बनला होता.

हे उधाण आलं कुठून? शेजारणीमुळे. एम ८२ च्या बाजूलाच एम ८१ ही तिच्याहून कितीतरी मोठी दीर्घिका आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी या दोघी एकमेकींच्या अगदी जवळून गेल्या. १९९४ साली रेडिओ दुर्बिणीने काढलेल्या नकाशात या दोघी आणि तिसरी एक लहान दीर्घिका हायड्रोजनच्या लांबलचक पट्ट्यांनी जोडलेल्या दिसल्या. एम ८१ च्या ओढीने एम ८२ मधला वायू घुसळून निघाला आणि मोठ्या प्रमाणावर मध्याकडे घसरला. जिथे कापूस ओसंडून आला, तिथे चरखे भन्नाट फिरू लागले. आज त्या लहानशा गाभ्यात वर्षाला साधारण दहा सूर्यांच्या वजनाचे तारे तयार होतात.

आता तारे बनण्याचा आणि वाऱ्याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे तो मोठ्या ताऱ्यांमुळे. आपला सूर्य काटकसरी आहे, त्याचं आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचं. पण सूर्याच्या आठपटीहून जड असलेले तारे उधळे असतात. ते अतिशय तेजाने जळतात आणि तीसेक लाख ते तीन-चार कोटी वर्षांत संपतात. संपताना फुटतात. या स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. सूर्य आपल्या सबंध आयुष्यात जितकी ऊर्जा उजेडाच्या रूपाने देईल, साधारण तितकी ऊर्जा एक सुपरनोव्हा आपल्या आसपासच्या वायूला एकाच धक्क्यात देतो. शंभर सूर्यांच्या वजनाचे तारे बनले, की त्यांत सरासरी एक तारा असा फुटणारा निघतो. मग हिशेब सोपा आहे. एम ८२ मध्ये वर्षाला दहा सूर्यांइतके तारे, म्हणजे दर दहा वर्षांना एक सुपरनोव्हा. आपल्या आकाशगंगेत शतकात एक-दोन होत असावेत, आणि माणसाने नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला इथला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ सालचा आहे. तिथे मात्र एका माणसाच्या आयुष्यात सात-आठ!

पुढचं समजायला भाकरी पुरे. विस्तवावर टाकलेली ज्वारीची भाकरी फुगते, कारण आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते. पापुद्रा एखाद्या ठिकाणी पातळ असला तर तिथेच फाटतो आणि वाफेची पिचकारी बाहेर येते. दीर्घिकाही भाकरीसारखीच चपटी असते. मध्यभागी स्फोटांवर स्फोट होऊन वायू ३ ते ८ कोटी अंशांपर्यंत तापतो आणि फुगू लागतो. कडेच्या बाजूला जावं, तर हजारो प्रकाशवर्षं जाडीचा वायू आडवा येतो. वर आणि खाली मात्र पापुद्रा पातळ. तो फाटतो आणि तापलेला वायू दोन्ही बाजूंनी मोकळ्या अवकाशात झेपावतो. १९८५ साली शेवालिए आणि क्लेग यांनी या वाऱ्याचं जे साधं गणित मांडलं, ते आजही अभ्यासकांच्या हाताशी असतं.

पण नुसता तापलेला वायू बाहेर पडत नाही. जाताना तो वाटेतले थंड ढग आणि धूळही ओढून नेतो. इथे मला खळं आठवतं. मळणीयंत्रं येण्याआधी वारं सुटलं की तिवईवर उभं राहून उफणणी करायचे. दाणा पायाशी पडायचा आणि कुटार लांब उडायचं. त्या वाऱ्यातही अशीच निवड होते. सर्वांत तापलेला, हलका वायू सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे निघून जातो. लाल प्रकाशात दिसणारे तंतू सेकंदाला सुमारे सहाशे किलोमीटरने जातात. थंड, दाट ढग आणखी मागे रेंगाळतात आणि त्यांतले बरेचसे पुन्हा खाली पडतात.

धुळीची गोष्ट तर अधिकच नवलाची आहे. ही धूळ म्हणजे कार्बनचे आणि वाळूच्या जातीच्या खनिजांचे कण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. कोट्यवधी अंशांच्या वायूत ते टिकू नयेत. तरी २००६ साली स्पिट्झर दुर्बिणीला ही धूळ एम ८२ च्या भोवती दूरदूरपर्यंत पसरलेली दिसली. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत ती तंतूतंतूंनी उलगडून दाखवता आली. त्या तंतूंत चमकतात ते कार्बन-हायड्रोजनचे रेणू, आपल्या चुलीच्या काजळीत सापडतात त्याच कुळातले. हे नाजूक रेणू भट्टीतून जिवंत कसे सुटतात? बहुधा थंड ढगांच्या पोटात लपून. पण मग ते ढग तरी वाऱ्यात फाटून का जात नाहीत, यावर अजून संगणकांवर आकडेमोड चालू आहे. एक उत्तर असं पुढे आलं आहे, की ढग पुरेसा मोठा असेल तर त्याच्या कडेला गरम-थंड वायूची मिसळण होते, ती लवकर निवते आणि ढगालाच येऊन मिळते. म्हणजे वारा ढगाला झिजवतो तसा भरवतोही.

इतक्या लांबच्या वाऱ्याचा वेग मोजतात तरी कसा? मलकापूर स्थानकावर न थांबता जाणारी गाडी आठवा. येताना तिच्या शिट्टीचा सूर चढा असतो, पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचं आणि रेडिओ लहरींचंही तसंच. आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या लहरी किंचित आखूड होतात, दूर जाणाऱ्याच्या किंचित लांब. त्या फरकावरून वेग निघतो.

आणि ही विद्या आपल्या महाराष्ट्रातही वापरली गेली आहे. पुणे जिल्ह्यात, तमाशा आणि द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावजवळ, खोडद इथे जीएमआरटी नावाची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्या मिळून एका दुर्बिणीचं काम करतात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २०२० साली ते गेले. मी बोलतोय ते ज्या लहरींवरून घराघरांत पोचतं, त्याच जातीच्या लहरी ही दुर्बीण ऐकते. फरक इतकाच, की तिचे वक्ते कोट्यवधी प्रकाशवर्षांवर बसलेले असतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा वक्ता म्हणजे थंड हायड्रोजन. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर बोलतो.

२००५ साली आनंद होता (इथे 'होता' हे आडनाव आहे, क्रियापद नव्हे) आणि डी. जे. सैकिया या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी एनजीसी १४८२ या दीर्घिकेविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जीएमआरटी आणि अमेरिकेतली एक रेडिओ दुर्बीण वापरली होती. ही दीर्घिका मृगाच्या जवळून, नदीच्या रूपाने कल्पिलेल्या तारकासमूहात आहे, अंतर सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षं. तिच्यातून निघणारा वारा डमरूच्या आकाराचा आहे. मधे चिमटलेला, वर-खाली रुंदावत गेलेला. या दोघांनी रेडिओ लहरींच्या तेजावरून तिथल्या सुपरनोव्हांपासून किती ऊर्जा मिळत असेल याचा अंदाज बांधला आणि ती एवढा वारा हाकायला पुरेल का, हे तपासलं. खोडदच्या तबकड्यांना गाभ्याच्या दोन बाजूंना, केंद्रापासून सुमारे आठ हजार प्रकाशवर्षांवर, केंद्राभोवती फिरणारे हायड्रोजनचे दोन पुंजके दिसले. गाभ्यासमोरच्या वायूत वेगवेगळ्या गतींचे थर आढळले, आणि त्या गतींमधला पल्ला सेकंदाला सुमारे अडीचशे किलोमीटरचा भरला. जुन्नर तालुक्यातल्या शेतांमधून हा हिशेब निघाला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा वारा सुटल्याने दीर्घिकेचं काय होतं? आपला शेतकरी कितीही ओढगस्त आली तरी पेरणीचं बियाणं खात नाही. उधाणलेली दीर्घिका नेमकी तेच करते. एम ८२ च्या गाभ्यातला वायू या वेगाने काही कोटी वर्षांत संपेल. शिवाय वारा तो बाहेर फेकतो तो वेगळाच. दक्षिणेच्या आकाशात एनजीसी २५३ नावाची अशीच एक दीर्घिका आहे. कॅरोलिन हर्शेल या विदुषीने १७८३ साली ती शोधली. २०१३ साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने तिच्यातून बाहेर पडणारा थंड वायू मोजला. तो वर्षाला निदान तीन सूर्यांइतका, बहुधा नऊ सूर्यांइतका भरला. तारे मात्र ती वर्षाला तीनेक सूर्यांइतकेच घडवते. म्हणजे जेवढं ताटात वाढलं जातं, त्याच्या तिप्पट सांडतं आहे.

पण हा नासाडीचा हिशेब पुरता खरा नाही. विश्वात जेवढं साधं द्रव्य आहे, त्याचा दहावा हिस्साही आजवर ताऱ्यांत गेलेला नाही. गुरुत्वाकर्षणाला मोकळं रान मिळालं असतं, तर दीर्घिकांनी आपला वायू कधीच गिळून तारे करून टाकला असता. ज्या गोष्टींनी त्यांचा हात आवरला, त्यांत हा वारा एक प्रमुख आहे. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरंही असाच वारा सोडतात. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी जन्मला. त्याआधी आकाशगंगेचं वय कितीतरी अब्ज वर्षं झालेलं होतं. इतक्या उशिरा जन्मणाऱ्यासाठीही वायू शिल्लक होता, याचं काही श्रेय या आवरत्या हाताला आहे.

शिवाय बाहेर गेलेलं सगळं वाया जात नाही. काही वायू थंड होऊन पावसासारखा त्याच दीर्घिकेवर परत येतो. काही कायमचा निसटतो. लहान दीर्घिकांची ओढ कमी, म्हणून त्यांच्याकडून जास्त निसटतो. ताऱ्यांच्या पोटात शिजलेली ऑक्सिजन, लोह यांसारखी जड मूलद्रव्यं लहान दीर्घिकांत कमी आढळतात, त्याचं हे एक कारण. ती मूलद्रव्यं जातात कुठे? १९९० च्या दशकापासून दीर्घिकांच्या मधल्या ओसाड पोकळीतही कार्बनच्या खुणा सापडल्या आहेत. आणि २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी संगणकावर दीर्घिकांची वाढ रचून पाहिली, तेव्हा एक धक्कादायक शक्यता समोर आली. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेतलं निम्म्यापर्यंत द्रव्य दुसऱ्या दीर्घिकांतून, अशाच वाऱ्यांवर बसून आलेलं असू शकतं. हे प्रत्यक्ष मोजमाप नाही, संगणकी प्रतिकृतीचा निष्कर्ष आहे, हे लक्षात ठेवायला हवं. आपली आकाशगंगाही अगदी शांत आहे असं समजू नका. २०१० साली फर्मी दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिच्या केंद्राच्या वर आणि खाली, प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंचीचे दोन बुडबुडे सापडले. ते कृष्णविवरामुळे आले की ताऱ्यांच्या जुन्या उधाणामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये आकाशातून आलेल्या दगडाने केलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. २०२० साली ते रामसर यादीत गेलं. तिथे उभं राहिलं, की माणूस म्हणतो, काय ते आकाशातून पडलं! पण ज्यावर ते पडलं, तो खडक कुठला आहे? बेसॉल्टच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असतो. तो बहुतेक सगळा फुटलेल्या मोठ्या ताऱ्यांत शिजलेला. त्यात लोह आहे, सिलिकॉन आहे. तेही ताऱ्यांचंच देणं. त्यातला काही भाग आकाशगंगेतून वाऱ्याबरोबर वर जाऊन पावसासारखा परत आलेला असेल. काही कदाचित इथला नसेलच, दुसऱ्याच दीर्घिकेतून उडत आलेला असेल. आघात करणारा दगड जितका आकाशातला, तितकीच आघात सोसणारी आपली जमीनही आकाशातलीच.

आपल्याकडे पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, की लगेच पुढचा प्रश्न असतो, मूळचे कुठले? प्रश्न प्रेमाचा असतो, कधीकधी तपासणीचाही असतो. माझ्यासारख्याला तो जरा जास्तच वेळा विचारला जातो. मी गावाचं नाव सांगतो, आणि ते खरंच असतं. पण रक्तातल्या लोहाला, हाडांतल्या चुन्याला, श्वासातल्या ऑक्सिजनला हाच प्रश्न विचारला, तर विचारणाऱ्याचं आणि ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच येईल. दोघंही त्याच उफणणीतून आले, वाऱ्याने नेले, कुठे तरी पडले आणि तिथे रुजले.

येत्या चैत्रात एखाद्या रात्री वीज गेली तर चिडू नका. गच्चीवर किंवा अंगणात या, मुलांनाही आणा, आणि उत्तरेकडे सप्तर्षी दाखवा. त्यांच्या परिसरात, डोळ्यांना न दिसणारी एक दीर्घिका धूर सोडते आहे, हे त्यांना सांगा. तिथे आज जो वारा सुटला आहे, तो पुढे कुणाच्या खळ्यात काय नेऊन टाकेल, हे पाहायला आपण नसू. पण असाच वारा पूर्वी कधी तरी आपल्यासाठीही वाहिला असेल, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.